मेलेल्या गुरूची दीक्षा

पूर्ण्याच्या निजामी शाळेत मुलांकडून उर्दूचा धडा म्हणून घेत होतो, तेव्हा चुडाव्याचा एक ओळखीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. "मास्तर, तुमचे गुरप्पाकाका गेले." मी खडू खाली ठेवला आणि पहिलाच विचार आला, शांता सुटली... दीड महिना झाला, तो विचार अजून पुसता आलेला नाही.

काकांचं चुडाव्यात किराणा दुकान. तरुणपणी त्यांनी मठातल्या वृद्ध महाराजांकडून दीक्षा घेतली, गळ्यात लिंग बांधून घेतलं. महाराज गेल्यावर त्यांचा पुतण्या गादीवर बसला आणि काकांनी मठाची पायरी सोडली. "गुरू म्हंजी काय दुकान हाय का, चुलता उठला की पुतण्या बसायला?" दर सोमवारी ते जुन्या महाराजांच्या, मठाबाहेरच्या समाधीपाशी जाऊन बसत. एवढ्यावर राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांची एकुलती मुलगी शांता वयात आली, आणि आम्हा लिंगायतांत लग्नाआधी दीक्षा लागते, ती जिवंत गुरूच देतो.

काकांनी मला जुनी पोथी वाचायला बसवलं. गुरू देहाबरोबर जात नाही, अशी ओळ निघाली. काका रडले. पुढच्याच ओळीत होतं की दीक्षा मात्र देहधारी गुरूकडूनच घ्यावी. मी पोथी मिटली. त्यांचा आनंद मोडवेना, हे खरं. मला वाद नको होता, हेही खरं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिंग समाधीला टेकवलं आणि स्वतःच्या हातानं शांताच्या गळ्यात बांधलं.

ताडकळसचं स्थळ आलं. मुलाच्या चुलत्यानं विचारलं, "पोरीची दीक्षा कोण्या महाराजाची?" काकांनी समाधीकडे बोट केलं. "मंग लगीन बी तिकडंच लावा की!" असं म्हणून तो हसत उठला. पानसुपारी तशीच राहिली. पुढची दोन स्थळंही अशीच गेली. काका म्हणत, "माज्या महाराजाला मानीत न्हाई, ते घर काहून पायजे?" शांता तबक उचलायची. ती आता तिशीची आहे.

आमच्यात देह बसवून पुरतात, आणि माती लोटण्याआधी गुरू मृताच्या मस्तकावर पाय ठेवतो. त्या पुतण्याचा पाय नको, असं काकांनी बजावून ठेवलं होतं. गादीवरचे ते पुतणे महाराज खड्ड्याशी थांबले. घरातला शिकलेला म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मागे सरलो. शांता पुढे आली.

"ठिवा पाय, महाराज. त्यायनी मला इचारलं व्हतं का?"

गळ्यातलं लिंग काढून तिनं काकांच्या मांडीवर ठेवलं. "ह्ये तुमचंच." मग महाराजांचा पाय मस्तकावर टेकला, आणि काकांची मान जराशी वाकली...

गेल्या आठवड्यात चुडाव्याला गेलो. शांताच्या गळ्यात आता नव्या महाराजांनी दिलेलं लिंग आहे. सोयरिकीचं कुणी बोलत नाही. काकांच्या खोलीत ती गहू निवडत बसली होती. वर कोनाड्यात पोथी. त्या दिवशी मी पुढची ओळ गाळली, हे तिला अखेर सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"ठाव हाय, दादा. अक्षरं तूच शिकवलीस ना? तू गेल्यावर त्याच सांजंला मी ती वळ आप्पाला वाचून दावली."

"मग?"

"पोथी मिटून कोनाड्यात ठिवली. मंग म्हणले, दादाला सांगू नको. त्याला वाईट वाटंल."