भावकू आप्पाचं एक ताट

गाव मला डाक्टर म्हणतं. मी डाक्टर नाही. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं मी जनावरं धरली, पट्ट्या बांधल्या आणि डाक्टर रजेवर असले की त्यांच्या वाटणीच्या शिव्या खाल्ल्या. रिटायर होऊन येळ्ळूरला घरी बसलो तरी लोक शेळ्या घेऊन दारात येतात. सल्ला विचारतात, मान डोलावून ऐकतात आणि घरी जाऊन आपल्या मनाचंच करतात. या बाबतीत आमच्या शेजारचा भावकू आप्पा सगळ्या गावाचा बाप.

वय सत्तरला टेकलेलं, डोक्याला पांढरी टोपी, हातात काठी. काठी चालायला लागते म्हणून नाही, बोलायला लागते म्हणून. तीन एकर भाताचं रान आहे, पण गावात त्याचं नाव रानामुळं नाही, ताटामुळं. आमच्याकडं भाऊ-भाऊ भांडले की घरातलं मोठं माणूस दोघांना एका ताटात जेवायला बसवतं. पद्धत जुनी. आप्पानं ती गावासाठी चालवायला घेतली. कुणाच्या घरात बांधावरनं, गोठ्यावरनं वाजलं की त्याला बोलावणं जायचं. हा आपली पितळी परात घेऊन हजर. मधे भात, वर आमटी, समोरासमोर दोन भाऊ आणि बाजूला मांडीवर काठी घेऊन हा. परात रिकामी होईपर्यंत कुणी उठायचं नाही, कुणी बोलायचं नाही. शेवटचा घास गेला की आप्पा म्हणायचा, “झालं. मिटलं.” आणि खरंच, त्या घरातनं परत आवाज यायचा नाही. मीही वाहवा केली आहे. खोटं कशाला बोलू?

गेल्या दिवाळीनंतर उचगावच्या मेहुण्यानं त्याला कुत्र्याची दोन पिल्लं दिली. एकाच आईची, एकाच वेळची. आप्पानं नावं ठेवली लव आणि कुश. दुसऱ्या दिवशी गावानं त्यांचं लव्या आणि कुश्या केलं. लव्या पांढरा, आडमाप, खाण्यापलीकडं कशाचा विचार न करणारा. कुश्या तांबूस, बारका, सगळं जग आपलंच काहीतरी चोरायला आलंय अशा नजरेनं बघणारा. आप्पाचा जीव कुश्यावर. बायको गेल्यापासून चार वर्षं हा माणूस पुढच्या सोप्यात एकटा झोपायचा. आता पायाशी कुश्या झोपायचा. घरातल्या माणसांशी वर्षात बोलायचा नाही एवढं आप्पा त्याच्याशी एका संध्याकाळी बोलायचा.

जेवण अर्थातच एका ताटात. बारकी होती तोवर चाललं. चार-पाच महिन्यांची झाली आणि भाकरीवरनं जुंपायला लागली. लव्या बकाबका गिळायचा, कुश्या आधी ताटावर मान धरून गुरगुरायचा आणि मग खायचा, तोवर ताट संपलेलं असायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर गुरगुरायचा. नुसतं ताट नाही. हाडूक, गोणपाट, आप्पाची तुटकी चप्पल, जे मिळेल त्याच्यावर तो बसायला लागला.

मी सांगितलं, “भावकू, दोन ताटं कर. एक सोप्यात, एक मागं परड्यात. एकमेकांना दिसायला नकोत.”

“सख्खे भाऊ हायत रं ते!”

“त्यांना कुठं ठाऊक आहे?”

“ताटं वेगळी केली की मनं वेगळी हुत्यात.”

“अरे, ते काय वाटणी मागायला बसलेत काय? त्याला भीती आहे की आपलं खाणं जाणार. आणि रोज जातंय. भीती खरीच आहे.”

आप्पानं मान डोलावली. संध्याकाळी बघतो तर परात तीच, दोन्ही कुत्री तीच, आणि मांडीवर काठी घेऊन हा. कुश्या गुरगुरला की नाकावर फटका. माझं डोकंच फिरलं. कुंपणावरनं ओरडलो, “गुरगुरतंय म्हणून मारू नको. तो सांगूलाय, लांब राहा म्हणून. मारलास तर सांगायचं बंद करील.”

“तेच पायजे की!” आप्पा म्हणाला.

पंधरा दिवसांनी मला मुद्दाम बोलावून नेलं. कुश्या ताटाशी ताठ उभा, शेपूट पोटाखाली, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं, घशातनं आवाज मात्र नाही. आप्पाचा चेहरा तर निवडणूक जिंकल्यासारखा. “बघ. सुधारला का न्हाय?” मी पाहिलं. मला ते अजिबात आवडलं नाही. पण एकतीस वर्षांत कुणी ऐकलं नाही तेव्हा आता काय ऐकणार, असं म्हणून मी घरी आलो. ती माझी चूक. ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

पुढच्या बुधवारी मटण होतं. कुश्या हाडूक घेऊन तुळशीच्या कट्ट्याआड बसला होता. आप्पाची नात ओवी, पाच वर्षांची, त्याला चपातीचा तुकडा द्यायला गेली. हात पुढं केला आणि त्यानं आवाजसुद्धा न करता धरला. तळहाताला दोन दात लागले. रूपाली, म्हणजे ओवीची आई, पोरीला उचलून पळाली. नळाखाली साबणानं हात धुतला, तसंच बेळगावला नेलं, इंजेक्शनं झाली, पुढच्या तारखा मिळाल्या. पोरगी दोन दिवसांत खेळायला लागली.

आप्पाचा थोरला स्वरूप उद्यमबागेत कारखान्यात सुपरवायझर आहे. शांत माणूस. बापापुढं त्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही. तो एवढंच म्हणाला, “रविवारी गाडीत घालून काकतीच्या पुढं हायवेला सोडून येतो.” पोरीचा बाप होता, त्याला दोष कसा देणार? पण सहा-सात महिन्यांचं कुत्रं हायवेवर किती तास जगतं हे मी बघितलं आहे, आणि आप्पालाही ते माहीत होतं.

त्याच बुधवारी संध्याकाळी आप्पा माझ्या दारात आला. “डाक्टर, आवाज बी न करता कसा चावला रं?”

मला राग आला होता, म्हणून तोंड आवरलं नाही. “आवाज तू बंद केलास. गुरगुरला असता तर पोरगी थबकली असती. तो बिचारा महिनाभर सांगत होता. तू काठीनं त्याचं सांगणं मारलंस. भीती तशीच आत राहिली.”

आप्पा उंबऱ्यावर टेकला. म्हणाला, “म्हंजे पोरीला मीच चावलो.” मग उठून गेला. मला वाईट वाटलं. मग जरा बरंही वाटलं. मग परत वाईट वाटलं.

गुरुवारपासून आप्पानं दोन ताटं केली. लव्या परड्यात, कुश्या सोप्यात, मधलं दार बंद. पोरीला दोघांच्याही आसपास सोडायची नाही, याची राखण रूपालीनं स्वतःकडं घेतली. मी सांगितल्याप्रमाणं आप्पा जेवणाऱ्या कुश्यापासून चार हात लांबनं जायचा, जाताना उकडलेल्या काळजाचा तुकडा त्याच्याकडं टाकायचा आणि न थांबता पुढं जायचा. माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट येतं, हे त्याला कळायला पाहिजे. शनिवारी आप्पा आला की कुश्या ताटातनं मान वर काढून वाट बघायला लागला. एकदा थोडा गुरगुरला. आप्पा दोन पावलं मागं सरकला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “बोलला रं!” सत्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांत पाणी.

पण तीन दिवसांत पोरीच्या बापाचा जीव भांड्यात पडत नाही. रविवारी सकाळी स्वरूपनं गाडी बाहेर काढली. मीही तिथंच होतो. कुश्याला आणायला आत गेला तर तो घरात नव्हता. तो गाडीत मागच्या सीटवर होता, आणि त्याच्या शेजारी आप्पा, टोपी घालून, काठी घेऊन.

“आप्पा, उतरा.”

“त्याला सोडतूस तितं मला बी सोड. चावला तो, पर त्याचं गुरगुरणं मी मारलं. चूक माझी हाय.”

स्वरूप दाराला हात लावून उभा राहिला. मला वाटलं, आता नेहमीसारखी मान खाली घालणार. तो म्हणाला, “तुमी सगळ्यांचंच मारलंय.”

आप्पानं खिडकीतनं कुश्याची साखळी माझ्या हातात दिली होती, नाहीतर मी निघून गेलो असतो असं मी म्हणतो. निघून गेलो नसतो.

“निशांत आणि मी शेवटचं कवा बोललो, ठाऊक हाय तुमाला?” स्वरूपनं विचारलं. निशांत म्हणजे आप्पाचा धाकटा, पुण्याला असतो. दोघांनाही तिथं एकाच वेळी नोकरी लागली होती आणि एकानं घरी राहायला पाहिजे होतं. “आमी भांडूलालतो. भांडून काय तरी ठरलं असतं. तुमी परात घिऊन आलासा. जेवा म्हणलासा. जेवलो. सकाळी तो गेला, मी ऱ्हायलो. त्यानं इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. आठ वर्सं झाली, आप्पा. आवाज न्हाय आमच्या घरात, म्हणून गावाला सांगत फिरतासा.”

आप्पाचा हात सवयीनं काठीवर गेला. त्यानं काठीकडं बघितलं आणि ती खिडकीतनं माझ्याकडं दिली. मग सीटवर जरा पलीकडं सरकला.

“बस. बोल,” तो म्हणाला.

स्वरूप बसला. बराच वेळ बोलला. कधी मोठ्यानं, कधी नुसता हुंदका. रूपाली चहा घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच परत गेली. आप्पा मधे एकदाही बोलला नाही, आणि हे मी शपथेवर सांगतो, कारण गावात कुणाचा विश्वास बसणार नाही.

शेवटी स्वरूप म्हणाला, “मला बी जायाचं हुतं, आप्पा.”

“मला तवाच ठाऊक हुतं,” आप्पा म्हणाला. “तू बोलू नयेस म्हणून तर ताट वाढलं.”

मग स्वरूपनं पुढं वाकून गाडीची किल्ली काढून घेतली आणि नाक पुसत मला म्हणाला, “डाक्टरकाका, कुत्र्याला उतरवा.”

मी कुश्याला उतरवलं. आप्पाला उतरवा असं मला कुणी म्हणालं नाही, म्हणून त्याला तिथंच बसू दिलं.