आईच्या ऑपरेशनला उभे राहिलेले अप्पा

आमचे अप्पा सर्जन होते. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी बरीच वर्षं काढली. तेव्हा नांदेडला मेडिकल कॉलेज आलेलं नव्हतं, पण अप्पांचं शिकवणं त्यावाचून अडलं नाही. नवीन लागलेले डॉक्टर, नर्सिंगच्या मुली, जो कुणी हाताशी सापडेल त्याला ते खाटेपाशी उभं करायचे आणि विचारायचे, "काय दिसतं? आधी बघ. हात नंतर लाव." वॉर्डात सांगून पुरं झालं नाही की ती मंडळी संध्याकाळी आमच्या क्वार्टरच्या ओसरीवर यायची. आई त्यांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढायची. मी तिथंच कोपऱ्यात गृहपाठ करत बसायचे. आतड्याला पीळ कसा पडतो, अपेंडिक्स फुटलं तर पोट कसं लाकडासारखं होतं, हे मला पाढ्यांबरोबर पाठ होत गेलं.

त्या मंडळींत उमरीकडच्या एका खेड्यातला एक तरुण डॉक्टर होता. त्याच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि साऱ्या भावकीत शिकून डॉक्टर झालेला तो पहिलाच. सुरुवातीला तो ताट घेऊन ओसरीच्या पायरीवर जाऊन बसायचा. आई उदगीरच्या लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी, सोवळ्या घरातली; पण तिनं एका संध्याकाळी त्याला हाक मारली, "आत ये रे. चुलीपाशी बस. तव्यावरची भाकरी पायरीवर येईस्तोवर गार होऊन राहिली." तेव्हापासून तो तिला काकू म्हणायला लागला. पुढं तो औरंगाबादला जाऊन सर्जन झाला आणि परत नांदेडलाच आला. अप्पा त्याच्याबद्दल कुणाशी बोलताना म्हणायचे, "माझ्यापेक्षा त्याचा हात हलका आहे." आणि असं बोलताना त्यांचा चेहरा मोठा खूश असायचा.

मग लातूर जिल्हा झाला. अप्पांचं गाव मुरुडजवळ. नवीन जिल्ह्याच्या दवाखान्याला सर्जन पाहिजे म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून बदली मागून घेतली. आईच्या मनात नव्हतं. "गोदावरी सोडून कुठं त्या कोरड्या गावात जायचं?" ती म्हणाली. अप्पा म्हणाले, "माझ्या गावची माणसं आजवर औषधपाण्यासाठी कुठं कुठं हिंडली. आता त्यांच्या जवळ जाऊ." आईनं वाद घातला नाही. सामान बांधताना मात्र सगळे हंडे-कळश्या मोजून मोजून बरोबर घेतल्या.

लातुरात तेव्हा उत्साह होता. दुकानांच्या पाट्यांवरचं "जिल्हा उस्मानाबाद" पुसून "जिल्हा लातूर" रंगवून घेत होते. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत बसल्या होत्या. आमच्या शेजारच्या बाई कशालाही म्हणायच्या, "आता जिल्हा झालाय, सगळं हितंच व्हतंय." आणि पाऊस तेवढा झाला नाही. पुढच्या वर्षीही झाला नाही. विहिरी तळाला गेल्या, मग गल्लीत टँकर यायला लागला. दवाखान्यात ज्याला थांबता येईल अशा माणसाचं ऑपरेशन पुढं ढकलायचे. ऑपरेशनच्या आधी सिस्टर तांब्यानं अप्पांच्या हातांवर पाणी ओतायची आणि खाली बादली धरायची. ते पाणी फरशी पुसायला जायचं. घरीही अप्पांचा तसाच दंडक होता. नळाला थेंब थेंब गळती लागलेली दिसली तरी त्यांचा आवाज चढायचा.

एका सकाळी आई व्हरांड्यात उजेडाला बसून तांदूळ निवडत होती. अप्पा दवाखान्यात निघाले होते. पायात चप्पल घालता घालता ते थांबले.

"वर बघ," ते म्हणाले.

"काय बघून राहिलात?" आई हसली. "डोळ्यात गेलंय का काही?"

अप्पांनी तिच्या डोळ्यांखालची कातडी अंगठ्यानं खाली ओढून पाहिली. मग तिला आत नेलं, खाटेवर आडवं केलं आणि पोट तपासायला लागले. मी दारात उभी होते. त्यांची बोटं उजव्या बरगडीखाली गेली आणि तिथंच राहिली.

"दुखतं?"

"न्हाई."

"मागं कधी दुखलं होतं? जेवल्यावर? रात्री?"

"न्हाई म्हणलं की. खाज मात्र लई सुटते अंगाला. पाणी खराब आहे इथलं."

अप्पा उठले. मोरीत गेले आणि हात धुवायला लागले. तांब्यामागून तांब्या ओततच राहिले. सकाळी मिळालेली अर्धी घागर त्यांनी त्या मोरीत रिकामी केली.

नांदेडच्या ओसरीवर ते शिकवायचे ते मला पुन्हा ऐकू येत होतं. दुखून कावीळ झाली तर खडा समजा, खडा काढता येतो. न दुखता कावीळ झाली आणि बरगडीखाली पित्ताशय हाताला लागलं तर गाठ समजा, जपून बोला, घरच्यांना बसवून बोला. आम्हाला कुणी बसवलं नाही. घरचे आम्हीच होतो. मी शाळेत गेले आणि दिवसभर फळ्यावरचं एक अक्षर मला दिसलं नाही.

लातूरच्या त्या दवाखान्यात सर्जन एकच होता, आणि तो तिचा नवरा होता. अप्पांनी मुंबईचा विषय काढला. आईनं विचारलं, "तिथं बरी होईन का?"

"प्रयत्न करतील."

"तुम्ही पेशंटला असं म्हणता तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते मला म्हाईत आहे," आई म्हणाली. "मला नांदेडला न्या. माझ्या त्या उमरीच्या पोराकडं. त्यानं सांगितलं तर मुंबई बघू."

अहमदपूर, लोहा अशा रस्त्यानं आम्ही भाड्याच्या गाडीतून नांदेडला गेलो. दोन्ही बाजूंना रानं उघडी पडली होती. आई अंग खाजवत होती आणि अप्पा पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी रुमालावर घेऊन तिच्या दंडावर टेकवत होते. वाटेत कुणीतरी त्यांना ओळखून गाडीपाशी आलं. अप्पांनी पोटाचं ऑपरेशन करून त्याला वाचवलं होतं म्हणे. तो वाकून आईच्याही पाया पडला. "डॉक्टरसाब आमचे देव हायत," असं तिला सांगून गेला. आई मान हलवून "हाव" म्हणाली. अप्पा दुसरीकडं बघत राहिले.

ऑपरेशनच्या सकाळी आईला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा सिस्टर म्हणाली, "बाई, गळ्यातलं काढून द्या." आईच्या गळ्यात इष्टलिंग होतं. लहानपणी बांधलेलं, अंगावरून एकदाही न उतरवलेलं. "हे काढायचं न्हाई," आई म्हणाली आणि मूठ आवळली. अप्पा तिला समजवायला पुढं झाले. तेवढ्यात उमरीचा तो डॉक्टर ऑपरेशनच्या कपड्यांत बाहेर आला. त्यानं विचारलं, "काकू, हातात धरलं तर चालेल?" आईनं मान हलवली. त्यानं स्वच्छ पट्टी मागवली, लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवून मनगटापर्यंत पट्टी गुंडाळली. मग अप्पांकडं न बघता आत गेला.

अप्पा ऑपरेशन थिएटरच्या दाराशी माझ्याजवळ बाकावर बसले. इतक्या वर्षांत त्या दाराच्या बाहेरच्या अंगाला बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. दार उघडलं की सगळे नातेवाईक जसे उठतात तसेच तेही उठायचे. थोड्या वेळानं सिस्टर आली. "सर, तुम्हाला आत बोलावलंय." ते माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेले, आणि लवकर बाहेर आले नाहीत.

आत काय झालं ते मला त्यानंच पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा माझी मुलं मोठी झाली होती आणि तो स्वतः निवृत्तीला आला होता.

"सर हात धुऊन आले," तो म्हणाला. "मी बाजूला झालो. त्यांनी हात आत घालून पाहिलं. गाठ तर होतीच, पण यकृतावर सगळीकडं बारीक गाठी पसरल्या होत्या. त्यांनी सगळ्या चाचपून पाहिल्या. मग मला वॉर्डात विचारायचे तसं विचारलं, 'काय वाटतं तुला?' मी म्हणालो, 'सर, काढता येणार नाही. पित्ताला आतड्यात दुसरी वाट करून देऊ. कावीळ उतरेल, खाज जाईल.' ते म्हणाले, 'आणखी?' मी म्हणालो, 'आणखी काही नाही, सर.' मला वाटलं आता ते बाहेर जातील. पण ते समोरच्या बाजूला गेले. तिथं एक शिकाऊ डॉक्टर रिट्रॅक्टर धरून उभा होता. ते त्यांनी त्याच्या हातातून घेतलं."

रिट्रॅक्टर म्हणजे जखमेच्या कडा ओढून धरायचं हत्यार. ते धरण्याचं काम सगळ्यात नवख्याला देतात, कारण त्यात नुसतं न हलता उभं राहायचं असतं. माझे अप्पा आईच्या पोटाची कड धरून शेवटपर्यंत तसे उभे राहिले. आपल्या विद्यार्थ्याला त्यांनी एकदाही टोकलं नाही.

"ते जराही हलले नाहीत," तो म्हणाला. "टाके घालून झाल्यावर मी रिट्रॅक्टर परत मागितलं तर बोटं सुटेनात त्यांची."

मुंबईचा विषय तिथंच संपला.

कावीळ उतरली, खाज गेली. लातूरला परत आल्यावर थोडे दिवस आई इतकी बरी दिसायला लागली की शेजारच्या बाई अप्पांना म्हणाल्या, "बघा, म्हणलं नव्हतं? वहिनी झाल्या की बऱ्या." अप्पा "हो" म्हणाले. आई सगळं जाणून होती. तिला कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही. एका दुपारी ती अप्पांना म्हणाली, "तुम्ही दवाखान्यात जा. माझ्यापुढं बसून काय करणार?"

"बसतो."

"लोक थांबले असतील."

"थांबू दे."

"ते कुठून कुठून आलेले असतात. तुम्हाला माझं काही करता येत न्हाई, त्यांचं येतं. जा."

अप्पा गेले. त्या उन्हाळ्यात त्यांनी किती माणसं बरी करून घरी पाठवली असतील! ती माणसं भेटायला यायची, दुष्काळातसुद्धा कुणी पिशवीभर हरभरा आणायचा, कुणी एखादा भोपळा. आमच्या दारात उभं राहून हात जोडायची आणि आतल्या खोलीत आई दिवसेंदिवस लहान होत चाललेली असायची.

अप्पा स्वयंपाक शिकायला लागले ते तेव्हाच. आई खाटेवरून सांगायची, ते परातीपुढं बसायचे. केसाएवढ्या दोऱ्यानं आतडं शिवणारा माणूस, पण त्यांची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत फाटायची. "पाणी जरा गरम घ्या. मळा अजून. तळव्यानं मळा, बोटांनी न्हाई," आई म्हणायची. ते मान खाली घालून नव्या पोरासारखे ऐकायचे. आई त्यातला कोर-अर्धी कोर दुधात कुस्करून घ्यायची. दोन घास झाले की हात वर करून म्हणायची, "साकु." पुरे म्हणायला तिच्याकडं उदगीरचाच शब्द होता. नंतर नंतर ती पहिल्या घासालाच साकु म्हणायला लागली. अप्पा वाटी धरून तसेच बसून राहायचे. दुखणं वाढलं तसं सुई देणं वाढलं. ती सुई मात्र अप्पा दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचे नाहीत.

रोहिण्या लागल्या होत्या, आभाळात काही नव्हतं, तेव्हा आई गेली. अप्पांनी नाडी पाहिली, पापण्या मिटवल्या आणि मला म्हणाले, "तुझ्या आईचे केस विंचर." एवढंच.

आमच्यात माणसाला पुरतात, बसवून. मुरुडजवळच्या आमच्या रानात जागा ठरली. जमीन इतकी वाळली होती की कुदळ आदळली की नुसता आवाज यायचा. गावातली माणसं आळीपाळीनं खणत होती, घामानं निथळत होती, आणि खड्डा काही खोल जात नव्हता. अप्पा पुढं झाले आणि कुदळ मागायला लागले. कुणी देईना. "तुम्ही नका, डॉक्टरसाब," म्हणून त्यांना बाजूला उभं केलं. ते दोन्ही हात मोकळे सोडून उभे राहिले. मला त्या हातांकडं बघवेना.

माती लोटून झाल्यावर नांदेडहून तो आला. बस चुकली होती, वाटेत ट्रकवर बसून आला होता, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला. मातीकडं बघून तो खाली बसला आणि रडायला लागला. अप्पा त्याच्याजवळ गेले.

"त्या हिमायतनगरच्या बाईचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "जठर फुटलेली. तू फोनवर विचारलं होतंस."

त्यानं डोळे पुसले. "ताप उतरला, सर."

"नळीतून काय येतं?"

"स्वच्छ आहे आता. काल थोडं पाणी पाजलं."

"घाई करू नकोस. आतड्यांचा आवाज ऐकू आल्याशिवाय भात देऊ नकोस."

"हो, सर."

लोक बघत राहिले. कुणाला वाटलं असेल की या माणसाला काळीज नाही. मी जवळच होते आणि मला दिसत होतं की त्यांना दुसरं काहीच बोलता येत नाही.

विधी आटोपल्यावर अप्पा पुन्हा वॉर्डात जायला लागले. जायच्या आधी माझी वेणी घालायचे, इतकी घट्ट की शाळेत कपाळ दुखायचं. पुढं रिटायर होईपर्यंत शिकवत राहिले. दुसरं लग्न सुचवायला आलेल्या नातेवाइकांना चहा पाजून परत लावून दिलं.

ते फार म्हातारे झाल्यावर मी एकदा विचारलं, "अप्पा, तुम्हाला आधी कळलं असतं तर? एक-दोन महिने आधी?"

"तेव्हाही काही झालं नसतं," ते म्हणाले. मग मी दुसऱ्या कामाला लागल्यावर पाठीमागून त्यांचा आवाज आला, "रोज समोर जेवायला बसायची गं ती."