मुळाचा तुकडा

"तुले कळी नाही. तू मूळच घे."

बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल. सर सगळ्यांच्या हातावर कांद्याच्या फुलाच्या कळ्या ठेवत होते. पेशींचं मियोसिस बघायला. माझ्यापुढे कांद्याच्या मुळाचा तुकडा. त्यात मायटोसिस, साधं पेशीविभाजन, दिसतं. ते मागच्याच आठवड्यात झालं होतं. परीक्षेला येणार होतं मियोसिस.

"सर, मले काहून नाही?"

सर बूढापारा मोहल्ल्यातले, जुन्या मराठी घराण्यातले. माझी आई स्टेशनवर झाडू मारते, हे त्यांना ठाऊक. वर्गाकडे बघून म्हणाले, "हिच्या घरी मायटोसिसच चालते. एका पेशीच्या दोन, दोन्ही सारख्या. माय झाडूवाली, पोट्टी तिची कॉपी. कळी कायले वाया घालवा?"

वर्ग हसला. आणि मी? तेल चोपडलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. मान डोलावून म्हणते कशी, "हव सर." काय ते ध्यान! आज समोर आली तर वेणी धरून ओढीन.

रात्रभर जळत होते. क्वार्टरमागे आईचे कांदे फुलावर आले होते. परीक्षेच्या सकाळी कळ्यांचा एक बंद गेंद खुडला.

"काहून तोडलं वं?" आई ओरडली. मी रुमालात बांधून पळाले.

परीक्षेत सरांनी पुन्हा मूळच दिलं. बाजूला सारलं. रुमालातली कळी काढली, फोडली, रंग टाकला, वर काच ठेवून अंगठ्यानं दाबली. फुटली काच. वाघीण निघाली होती मोठी! दुसरी नीट बसली.

"सर, बघा."

सर वाकले नाहीत.

"मंग आयका. मायटोसिसनं कातडी वाढते, नख वाढते. पोट्टी नाही होत. त्याले मियोसिस लागते. गुणसूत्रांच्या जोड्या जमतात, तुकडे बदलतात, मंग अर्धं मायचं, अर्धं बापाचं. मी मायची कॉपी नाही. आन् मायची मले लाजबी नाही."

सरांनी नापास केलं. पुढच्या वर्षी पुन्हा बसले. तसाच गेंद, तेच उत्तर, परीक्षक मात्र दुसरे. पास.

आता नात शंकर नगरात कोचिंगला जाते. काल तिनं वर्गात मियोसिसचाच प्रश्न विचारला. तिचे सर म्हणाले, "तुम्हारा तो कोटे से हो जाएगा. बैठो."

"मग तू काय केलं?"

"बैठ गई. छोड़ो ना, दादी."

मला लाल रिबिनी दिसल्या.

नाही सोडणार. उद्या तिच्यासोबत जाणार, पहिल्या बाकावर बसणार. ती तोच प्रश्न पुन्हा विचारेल. उभी राहून. उत्तर मिळेपर्यंत तिला कोणी बसवून दाखवावं.