पुनाला जामीन राहिलेल्या वच्छलाबाई

पारोळ्याजवळच्या एका गावात वच्छलाबाई कापसाची शेती करतात. नवरा गेल्यानंतर भाऊबंदांनी शेत बटाईनं द्या म्हणून बराच आग्रह धरला, पण बाईंनी ऐकलं नाही. त्यांनी पुनाला वर्षाच्या बोलीवर सालदार ठेवलं आणि शेत स्वतः कसलं. पुना चोपड्याच्या वरचा, सातपुड्यातल्या पाड्यावरचा. शेतातल्या खोलीतच राहायचा. बोलायचा कमी, पण बैलांना पाणी पाजल्याशिवाय स्वतः जेवायला बसायचा नाही.

शेजारचं शेत त्यांच्या दिराचं, रतिलालचं. एका सकाळी रतिलालच्या विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला गेलेली दिसली. शेजारी राहणारा परका माणूस एकच, म्हणून रतिलालनं पुनाचं नाव घेतलं आणि पोलिसांनी त्याला उचललं. दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभं केलं. आधी पोलीस कोठडी मिळाली, मग न्यायालयीन कोठडी, आणि पुनाची रवानगी जळगावच्या तुरुंगात झाली. मोटार सापडली नाहीच.

बाईंना वाटलं, आता कोर्ट काय ते बघेल. त्या कापूस वेचणीच्या मागे लागल्या. आणि मग एक दिवस मयुरी वकिलांचा फोन आला. ज्याला वकील लावणं परवडत नाही त्याला सरकारतर्फे वकील मिळतो, तशा त्या पुनाला मिळाल्या होत्या. त्यांनी सांगितलं, की पुनाचा जामीन केव्हाच मंजूर झालाय, तरी तो आतच आहे. कोर्टाला स्थानिक जामीनदार हवा आणि त्याच्या नात्यात कुणाच्याच नावावर सातबारा नाही. अट शिथिल करून जामीनदाराशिवाय, नुसत्या जातमुचलक्यावर सोडावं, असा अर्ज करता येईल, पण त्यात आणखी वेळ जाईल.

बाई रात्रभर तळमळल्या. पुनानं चोरी केली नाही, हे त्या छातीठोकपणे सांगू शकत नव्हत्या. सकाळी त्यांनी मयुरीताईंना तेवढंच विचारलं.

"त्यानं चोरी केली नाही, असं मला कोर्टात सांगावं लागेल का?"

"नाही अक्का," मयुरीताई म्हणाल्या. "ते खटल्यात ठरेल. तुम्ही हमी द्यायची ती तो तारखेला हजर राहील एवढीच."

"एवढी देते मी," बाई म्हणाल्या.

रतिलालला कळलं तसा तो दारात येऊन बरंच बोलला. घरातल्याच माणसानं चोराची बाजू घेतली, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, असं त्याचं म्हणणं. बाईंनी ऐकून घेतलं आणि सातबारा, आधार कार्ड पिशवीत टाकून बस धरली. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, आरोपी तुमचा कोण? माझ्या शेतात राबतो, बाई म्हणाल्या. तो पळाला तर दंड तुमच्याकडून वसूल होईल, वेळ पडली तर जमिनीवर टाच येईल, हे ठाऊक आहे का? ठाऊक आहे, म्हणाल्या. मग त्यांनी सही केली.

सुटकेचा आदेश जळगावला पोचेपर्यंत तुरुंगाची वेळ संपली होती. बाई जळगावला जाऊन मेहरूण भागात भाचीकडे राहिल्या आणि सकाळी फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. पुना बाहेर आला तो खाली मान घालूनच. दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची आणि परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही, हे त्यांनी त्याला रस्ताभर समजावलं.

उन्हाळ्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग पाड्यावरून आई आजारी असल्याचा निरोप आला, पुना गेला आणि तारखेला उगवलाच नाही. त्याच्या नावानं वॉरंट निघालं, बाईंना नोटीस आली. रतिलालनं ती बातमी गावभर सांगितली.

बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. चोपड्याची बस पकडली, पुढे जीप, आणि शेवटी उन्हातली चढण. पुना आईच्या खाटेजवळ बसला होता. बाईंना पाहून तो उठून उभा राहिला. आता पुन्हा आत टाकतील म्हणून भीती वाटली, म्हणाला.

बाई म्हणाल्या, "माले आधी सांगतास तर मी वकीलताईले सांगती. तारीखले येता येत नसेल तर अर्ज देता येस. न सांगता राही गया, तेच वाईट व्हयनं. चाल, मी शे ना संगे."

आधी म्हातारीला जीपमध्ये घालून त्यांनी चोपड्याच्या दवाखान्यात नेलं, तिच्याजवळ पुनाच्या बहिणीला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुनाला घेऊन त्या स्वतः कोर्टात उभ्या राहिल्या. मयुरीताईंनी दवाखान्याचे कागद जोडून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी पुनाला कडक समज दिली, वॉरंट रद्द केलं, बाईंवरची नोटीस मागे घेतली, जामीन कायम ठेवला. त्यानंतर पुनानं एकही तारीख चुकवली नाही.

पुराव्याअभावी पुनाची खटल्यातून सुटका झाली. पुना अजून त्यांच्याकडेच आहे. रतिलाल मात्र बांधावर समोर आला तरी मान वळवून जातो, आणि हे बाईंना लागतं.

आता आसपासच्या गावांतून बायका त्यांच्याकडे येतात. नवऱ्याला, भावाला जामीन राहा म्हणतात. ज्याला ओळखत नाहीत त्याला बाई जामीन राहत नाहीत, ते सरळ सांगतात. पण मयुरीताईंचा नंबर देतात, कुठलं कोर्ट ते विचारतात आणि, एकटी बाई असली, तर पहिल्या तारखेला तिच्यासोबत जातात.