बानाबाईनं निवडलेलं दूध

...तर ती बाटली काही केल्या पाडसाच्या तोंडात जाईना, इथवर काल आलो होतो. करीम दरोग्यानं पाडस मांडीत धरलं होतं, बानाबाई बाटलीचं रबरी बोंड त्याच्या ओठाला लावत होती आणि ते दात आवळून मान फिरवत होतं. शेवटी करीम वैतागला. "अरे पी ना बाबा, दूध है, जहर नक्को समझ," असं म्हणत त्यानं बोंड स्वतःच्या तोंडात घालून दाखवलं, कसं प्यायचं ते. दूध मिशीवरून ओघळून दाढीत उतरलं. बानाबाई म्हणाली, "दरोगाजी, तुमीच प्या समदं. पाडसापरीस तुमाला गोड लागतंय."

हे सांगताना मला अजून हसू येतं. पुढं हसण्यासारखं फार नाही, म्हणून आताच हसून घ्या.

काल ज्यांना मध्येच झोप लागली त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. राज्य निजामाचं. औरंगाबादेतून दौलताबादकडं जाताना गयास नवाब म्हणून एका जहागीरदाराची जमीन होती. त्यात दगडी भिंतीचं मोठं आवार आणि आवारात पाळलेली चितळं. शेळ्या-मेंढ्या पाळाव्यात तशी पाळलेली. हैदराबादेत कुणा बड्याला खूश करायचं असलं की इथून दोन-चार जनावरं गाडीत घालून जायची. भिंतीबाहेर नवाबाचंच कुरण होतं. पाऊस नसलेल्या सालातही तिथलं गवत गुडघ्याला लागायचं, कारण खालून ओढ्याची ओल होती आणि वरून करीम दरोग्याचा पहारा.

नवाबाच्या नातवाचा बिस्मिल्लाचा, म्हणजे पहिलं अक्षर शिकवायचा समारंभ झाला तेव्हा आतषबाजी केली. आभाळात फुलं उडाली, सगळे वर बघत राहिले. आवारातली चितळं बिथरली आणि पळत सुटून भिंतीवर आदळली. सकाळी कितीतरी माद्या माना मोडून पडलेल्या. त्यांची पाच पाडसं मागं राहिली, आठ-पंधरा दिवसांची.

नवाब म्हणाला, ही जगली पाहिजेत. करीमनं बानाबाईला बोलावलं. ती मुंजाबा धनगराची बायको. कुरणाच्या कडेला त्यांचा मेंढवाडा असायचा. आईविना कोकरू जगवावं तर बानाबाईनं, असं त्या भागात म्हणायचे, आणि तिलाही ते ऐकायला आवडायचं.

करीम म्हणाला, "सरकारनी जबान दी है. पाडसं वाढली तर उन्हाळाभर कुरण तुझ्या मेंढ्यांना. नुसती जगून चालणार नाय बरं का, अंगानं भरलेली दिसली पायजेत."

त्या साली पाऊस नव्हता. ओढे-नाले कोरडे, मेंढ्या बाभळीच्या शेंगांवर दिवस काढत होत्या. उन्हाळ्यापर्यंत शंभर मेंढ्यांतल्या किती उरतील याची बोलणी मुंजाबा रोज करायचा. बानाबाईनं कुरणाकडं बघितलं आणि हो म्हणाली.

आता दुधाचं. नवाबाच्या घरच्या गाईचं दूध आधी दिलं. पाडसांच्या शेपट्या दुसऱ्या दिवशी पिवळ्या. म्हशीचं दिलं, तर पोटं नगाऱ्यासारखी फुगली आणि बिचारी रात्रभर कण्हली. मग बानाबाईनं आपल्या वाड्यातल्या दोन शेळ्या लावल्या. ते पचलं. हगवण थांबली, पाडसं उभी राहायला लागली. पण अंगावर मांस धरेना. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.

मुंजाबा म्हणाला, "पचतंय ना? मग भागव शेळीवर."

"नुसती जगून भागत नाय. दिसली पायजेत, असं म्हनलाय त्यो."

"मग काय तूप घालतीस का त्यास्नी?"

बानाबाईच्या डोक्यात वेगळंच दूध होतं. आतषबाजीच्या दुसऱ्या सकाळी ती मेलेल्या माद्या बघायला गेली होती तेव्हा एकीची कास अजून भरलेली होती. तिनं बोटावर थेंब काढून जिभेला लावला होता. दाट, चिकट, तेलकट. असं दूध तिला एकच ठाऊक होतं. मेंढीचं.

एका मेंढीचं दूध म्हणजे वाटीभर. पाच पाडसांना पोसायचं तर किती मेंढ्या पिळाव्या लागतील बघा. आणि मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या, पायाशी कोकरं. धनगरांत एक रीत होती: कोकरू जिवंत असलेल्या मेंढीचं दूध त्या दिवसांत कुणी बाहेर द्यायचं नाही. पाहुण्याला नाही, देवाला नाही. मुंजाबानं ती आठवण करून दिली.

बानाबाई म्हणाली, "कोकरं चार दिवस कळ काढतील. गवत मिळालं की मेंढ्यांना दूध उतरंल, कोकरं भरून येतील. गवतच नाय मिळालं तर मेंढ्या बी न्हाईत आन् कोकरं बी न्हाईत. तूच सांग काय करू."

मुंजाबा उठून मेंढ्यांकडं गेला.

दूध ठरलं. पण पाडसं बाटलीला तोंड लावेनात. ती बाटली नवाबाच्या नातवाचीच, तो तान्हा असतानाची, नावेच्या आकाराची, काचेची. शेळीचं दूध तोवर बोळ्यानं थेंब थेंब पाजलेलं, तसं किती दिवस पाजणार. करीमनं मिशा भिजवून घेतल्या तो प्रसंग इथला. त्यानंतर बानाबाईनं घरची विद्या काढली. धनगर काय करतात, एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं काढून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधतात. मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि पाजते. बानाबाईनं ते उलटं केलं. मेलेल्या कोकराचं लोकरीसकट कातडं तिनं बाटलीला गुंडाळलं, नुसतं बोंड बाहेर ठेवलं. वर मेंढीची कास पुसलेलं फडकं घासलं. पाडसांनी ऊबदार लोकरीत नाक खुपसलं आणि बाटली अशी ओढली की तिचा हात मागं गेला.

करीम म्हणाला, "बानाबाई, तू तो जादूगारीण निकली."

"जादू न्हाय, वास हाय," ती म्हणाली. किती खरं बोलली ते तिला तेव्हा कळलं नाही.

पाडसं वाढली. कातडीला चमक आली, पांढरे ठिपके रांगोळी घातल्यासारखे उठून दिसायला लागले. ती बानाबाईच्या मागं फिरायची, मेंढ्यांत झोपायची. ऊन चढलं की मेंढ्यांसारखीच एकमेकांच्या पोटाखाली डोकं घालून उभी राहायची. नवाब घोड्यावरून येऊन बघून गेला. करीमला म्हणाला, बाईला काहीतरी द्या. करीम म्हणाला, कुरणाचं ठरलंय हुजूर. नवाब हसला आणि गेला.

इकडं कोकरांच्या माना खाली यायला लागल्या. पहाटे आईला लुचायला जायची तर कास रिकामी. मातीच चाटायची, दोरीच चघळायची. रोज एखादं कमी व्हायचं. बानाबाई मेलेल्याचं कातडं काढायची आणि जुनं वास गेलेलं काढून ते नवं बाटलीला गुंडाळायची. मुंजाबानं तिच्याशी बोलणं टाकलं. तिचा दीर त्रिंबक शेजारच्या वाड्यावर असायचा. कुरणाच्या कडेला चोरूनमारून मेंढ्या घालायची सवलत करीम त्यालाही देत असे. तो येताजाता म्हणायचा, "वहिनी, पुढच्या जन्मी तुझ्या पोटी हरीण होऊन येतो बघ."

ती म्हणायची, "आधी या जन्मी गवत खा, मग बोल."

पाडसं दूध सोडून पाला खायला लागली, तेव्हा त्यांना आवारात कळपात सोडायचा दिवस ठरला. करीमनं दार उघडलं. बानाबाईनं पाचही आत ढकलली आणि दार लावून फटीतून बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून कुरणात मेंढ्या घालायच्या, असं बोलणं झालं होतं. मुंजाबानं वाडा हलवायची तयारी करून ठेवली होती. कितीतरी दिवसांनी तो तिला म्हणाला होता, "ये लवकर."

कळपातल्या माद्या जवळ आल्या. त्यांनी वास घेतला. एकीनं पुढच्या पायानं पाडसाच्या पाठीत असा तडाखा मारला की ते बसलंच. मग बाकीच्या आल्या. पाडसांना हरणांची भाषा येत नव्हती, ती पळायच्या ऐवजी जवळ जायची, मेंढीला बिलगावं तशी बिलगायची. एका नरानं एकाला शिंगावर घेतलं. बानाबाई दार वाजवत राहिली. करीमनं माणसं आत घातली तोवर तीन गेली होती. उरलेली दोन भिंतीला अंग घासत मेंढीसारखी ओरडत होती. हरणाच्या तोंडून तसला आवाज करीमनं कधी ऐकला नव्हता.

कळपानं त्यांना घेतलंच नाही. पुढच्या आठवड्यात तीही गेली.

नवाबाच्या कानावर काय घातलं गेलं कुणास ठाऊक. हुकूम आला की हरणांना मेंढ्यांची बाधा झाली, तेव्हा मेंढी म्हणून कुरणाच्या आसपास दिसता कामा नये. बानाबाईची नाही आणि कुणाचीच नाही. करीम सांगायला आला तेव्हा त्याला तिच्याकडं बघवेना. "मेरे हाथ में क्या है," एवढं म्हणून तो गेला.

त्रिंबकच्याही मेंढ्या हाकलल्या. जाताना तो वाड्यापुढं थांबला. "वहिनी, आता आमालाबी बाटलीनं पाज." त्यानंतर त्या घरानं तिला कधी बोलावलं नाही, लग्नाला नाही की मयतीला नाही.

उन्हाळ्यात मेंढ्या गेल्या. काही मेल्या, काही खाटकाकडं. मुंजाबा दुसऱ्यांच्या मेंढ्या राखत राखत परमुलखात गेला आणि तिकडंच संपला.

मी तिला बघितली ती पाचोडच्या बाजारात. तोवर निजाम जाऊन राज्य बदललं होतं. घोंगड्या विकणाऱ्यांच्या ओळीत एका कडेला ती दुसऱ्याच्या लोकरीचं सूत टकळीवर काढत बसायची. मी घोंगडी घ्यायला गेलो आणि गोष्ट घेऊन आलो. पुढच्या बाजारी पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. मला गोष्टी फुकट मिळायच्या, ती सांगायची आणि टकळी फिरत राहायची. करीमची दाढी भिजली ते सांगताना तीही हसायची.

एका बाजारी मी विचारलं, "आज्जी, तुला जास्त राग कुणाचा येतो? जबान देऊन फिरला त्या नवाबाचा, करीमचा, का त्रिंबकचा?"

टकळी थांबली नाही. ती म्हणाली, "दूध म्या निवडलं. कुनी हात धरला न्हवता. मुंजाबा सांगत व्हता शेळीवर भागव, तर मला पाडसं मोठी करून दावायची व्हती. कुरन नवाबाचं व्हतं, हरनं बी त्याचीच व्हती. माझी व्हती ती कोकरं, आन् उपाशी ती ऱ्हायली."