लेझर, हळद आणि चिमूटभर मीठ

आमच्या घरात डोळ्यांचं ऑपरेशन कुणाचंच झालेलं नव्हतं, पण त्याबद्दलची माहिती मात्र सगळ्यांकडे होती. एका रविवारी जेवताना मी लेझर करून चष्मा घालवणार असल्याचं जाहीर केलं, आणि आत्या माशाचा काटा काढता काढता थांबली.

"पार्लरमधी लेझर मारला का केस परत उगवत नाय," ती म्हणाली. "डोल्यावर मारला तं काय राहील?"

भावाने शिंकेचा मुद्दा काढला. लेझर चालू असताना शिंक आली तर किरण थेट मेंदूत जाणार, असं त्याचं म्हणणं. वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं की महिनाभर काळोख्या खोलीत निजवून ठेवतात. तेवढ्यात आत्याला आणखी एक आठवलं. "आनि मंग डोल्यान पानी येत नाय. सासरी जाताना रडशील कशी?"

"तू रड माझ्या वाटचं, तुला सवय आहे," मी म्हटलं. मी तापट आहे, हे मान्य करून टाकते.

आई वाढत होती. तिने सगळ्यांच्या ताटात मीठ वाढलं आणि नेहमीप्रमाणे मिठाची वाटी तेवढी माझ्यासमोर सरकवली. "तुजा तू घे गो." हे माझ्या लहानपणापासूनचं. हाताने मीठ दिलं की भांडण होतं, असं लोक मानतात. माझ्या जिभेची धार बघता आई ती काळजी घेत असावी, असं मला वाटायचं.

ऑपरेशनबद्दल ती एवढंच म्हणाली, "नको करू. उजेड वाईट असतो."

मला दुसरीत चष्मा लागला आणि वाढत वाढत नंबर उणे सातवर गेला. शाळेची सहल कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात गेली, तेव्हा माझा चष्मा बसमध्येच फुटला. बाकीच्यांनी पक्षी पाहिले, मी झाडं पाहिली. आता मी एका बिल्डरच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. साइटवर हेल्मेट, मास्क आणि घामाने घसरणारा चष्मा हे तिन्ही सांभाळताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून लेन्स घालायचे. लेन्स घातली की धुळीने डोळे लाल. मला या सगळ्यातून सुटायचं होतं. इतक्या मनापासून मी नोकरीसुद्धा मागितली नव्हती.

गैरसमज माझेही होते. फक्त ते मी मोबाईलवर वाचलेले असल्यामुळे मला ते ज्ञान वाटत होतं. नंबर असला की कुणाचंही लेझर होतं, आणि एकदा झालं की जन्मभर चष्म्याचं नाव नको, हे त्यातले दोन मोठे.

पनवेलच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत दोन्ही खोडून काढले. बुबुळाची जाडी पुरेशी हवी, आकार नीट हवा, नंबर स्थिर हवा. नाहीतर त्या स्वतःच नाही म्हणतात. आणि चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागतो तो लागतोच. मग त्या म्हणाल्या, "आता दोन आठवडे लेन्स पूर्ण बंद. लेन्समुळे बुबुळाचा आकार थोडा बदलतो. मग स्कॅन चुकीचा येतो."

मी मान डोलावली. दहाव्या दिवशी चुलतबहिणीची हळद होती.

आमच्याकडची हळद म्हणजे काय ते पनवेल-उरणकडच्या माणसाला सांगायला नको. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणाऱ्या बायका एकीकडे, डीजे दुसरीकडे, आणि अख्खं गाव मांडवात. तिथे नऊवारी नेसून सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा लावून जायचं? एका संध्याकाळने काय होतंय, म्हणून मी लेन्स घातल्या. आई दारात उभी होती. तिने पाहिलं. मी इतकी नाचले की परत आल्यावर लेन्स न काढताच झोपले. दुसऱ्या दिवशी लग्नालाही त्याच.

तपासणीला सोबत कुणीतरी आणा, असं सांगितलं होतं, कारण थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही. बाकी सगळे कामात, म्हणून आई आली. आमच्या रोडपालीहून क्लिनिकपर्यंत ती रिक्षात माझी फाइल मांडीवर घट्ट धरून बसली.

डॉक्टरबाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. बुबुळाचा नकाशा रंगीत येतो, आमच्या ऑफिसातल्या डोंगरउताराच्या नकाशासारखा. माझ्या डोंगराचा उतार एका बाजूला घसरलेला मलाही दिसला.

"हा आकार मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "असा आकार असेल तर ऑपरेशन करत नाही. लेन्स शेवटच्या कधी घातल्या होत्या?"

"दोन आठवड्यांपूर्वी," मी म्हणाले. खोटं बोलून मी माझंच वाटोळं करतेय, हे मला कळत होतं. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. पंचविशी उलटलेल्या बाईने नाचायला लेन्स घातल्या हे सांगायची लाज वाटली.

"नक्की? मग मला नाही म्हणावं लागेल."

मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"खोटा बोलते ती," मागून आई म्हणाली. "हलदीला घातल्या व्हत्या, लगनालाबी. हलदीला तं तशीच झोपली."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा दुसरीत गेले. मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजपासून परत दोन आठवडे. मग पुन्हा स्कॅन करू, तेव्हाच सांगता येईल. आणि यांना परत घेऊन या."

बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, "तुला तर ऑपरेशन नको होतं ना? गप्प बसली असतीस तर आपोआप टळलं असतं."

ती रिक्षा शोधत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुजे डोले यकदा माज्यापायी गेले. परत माज्यापायी काय नको."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. मी पोटात असताना ती आमच्या मिठागरात मीठ ओढायला जायची. वैशाखाचं ऊन, पांढरंफेक मीठ, डोळे उघडता येऊ नयेत असा लखलखाट. पोरीचे डोळे जातील, असं तेव्हा सासूने बजावलं होतं. पण काम थांबत नव्हतं. दुसरीत शाळेतल्या बाईंनी चष्म्याचं सांगितलं, त्या दिवशी आईने दोष आपलाच, असं मनाशी ठरवून टाकलं. "माज्या हातचा मीठ तुना बाधला. तवापासून तुज्या ताटान मीठ वारत नाय."

मी रस्त्यातच रडले. थेंबांमुळे सगळं धूसर होतंच, त्यात हे.

दोन आठवड्यांनी उतार सरळ आला. डॉक्टरबाई हो म्हणाल्या आणि काही विचारायचंय का, असं त्यांनी सहज विचारलं. मी आईकडे बघितलं. तिने पदर सावरला आणि मिठागराचं सगळं सांगितलं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. "नाही हो, आई. पोटातल्या बाळापर्यंत मिठावरच्या उन्हाची तिरीप जात नाही. हिचा डोळा थोडा लांबट वाढलाय, म्हणून नंबर. मिठाने चष्मा लागत असता, तर तिथे काम केलेल्या सगळ्या बायकांची पोरं चष्म्यात दिसली असती."

"नक्की?" आईने विचारलं. मग आणखी दोनदा विचारलं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार थोडं आहे. मी जागी होते. डोळा बधिर होता, पापण्या चिमट्याने उघड्या होत्या, समोर एक दिवा लुकलुकत होता. जरा जळल्यासारखा वास आला तेव्हा आत्याचं 'काय राहील' आठवलं आणि घाबरले, पण जळत काहीच नव्हतं. डोळा हलला तर यंत्र आपणच थांबतं. म्हणजे भावाची शिंक वाया गेली. त्याच दुपारी मी घरी होते. संध्याकाळपर्यंत कांदा चिरल्यासारखे डोळे चुरचुरले, पाणी भरपूर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या इमारतीच्या टाकीवरची अक्षरं गॅलरीतून वाचली, आणि ती मोठ्याने वाचली.

दुपारी आत्या मला तपासायला आली. माझ्यासमोर दोन बोटं नाचवून झाली, ऑपरेशननंतर मासे चालत नाहीत हे सांगून झालं. मग आम्ही मासेच खायला बसलो. आईने सगळ्यांना वाढलं. मी सवयीने मिठाच्या वाटीकडे हात नेला.

आईने वाटी बाजूला घेतली. चिमूट भरली आणि माझ्या ताटात मीठ वाढलं.

"अगो, भांडान व्हईल," आत्या म्हणाली.

"व्हऊ दे," आई म्हणाली.

मला किती लागतं याचा तिला अंदाज नव्हता, त्यामुळे मीठ जरा जास्तच पडलं. मी सगळं खाल्लं.