न झालेली दुसरी भेट

बँकेतून निवृत्त झाल्यावर काही महिने मी घरातली कपाटं आवरली आणि मग एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. घरातल्या मारहाणीतून, हेळसांडीतून सोडवलेल्या मुलांबरोबर कोर्टात जायचं, सुनावणीला शेजारी बसायचं आणि मुलाला काय हवंय ते वरपर्यंत नीट पोहोचवायचं, असं ते काम. मैत्रिणी म्हणायच्या, "तू म्हणून करतेस हो!" ते ऐकायला मला फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझ्याकडे सोपवलेली मुलगी नऊ वर्षांची होती. आई वारलेली. बापानं तिचा डावा हात मोडला होता आणि तीन दिवस दवाखान्यात नेलं नव्हतं. शेजाऱ्यांनी पोलिसांना कळवलं, तेव्हा कुठे ती सुटली. बालगृहात राहत होती. बापाच्या खटल्यात शिवाजीनगरच्या कोर्टात तिची साक्ष झाली, तेव्हा मी जवळ होते. ती न अडखळता बोलली. बाहेर येऊन बाकावर बसली आणि माझ्या डब्यातला सगळा उपमा तिनं संपवला. मला वाटलं, हे काम आपल्याला जमतंय.

आता ती राहणार कुठे, हे बालकल्याण समिती ठरवणार होती. तेही एक कोर्टच, फक्त काळे कोट नसतात. मी तिला विचारलं, तेव्हा ती लगेच म्हणाली, "मला मावशीकडं जायचंय. मांजरी गावाला. तिला सांगाल का, आजी?"

"मी स्वतः जाऊन भेटते तिला," मी म्हटलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी गेले. नव्या इमारतींच्या मागे, उसाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. मावशीच्या खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मार्केट यार्डात कांदा निवडायला जाती ती. चारला येईल. बसा की, पाणी देते." दीड वाजला होता. संध्याकाळी माझ्याकडे भाचीचं केळवण होतं. अळू अजून चिरायचं होतं. "परत येते म्हणून सांगा," म्हटलं आणि निघाले. मावशीचा फोन नंबरसुद्धा घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात ऊन फार होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात काय होतं, ते आता आठवतही नाही. अहवाल द्यायची तारीख आली. फॉर्ममध्ये 'भेटींची संख्या' असा रकाना होता. मी लिहिलं, दोन. खाली लिहिलं, 'नातेवाईक दोन्ही वेळा घरी आढळले नाहीत. मुलीची जबाबदारी घेण्यास उत्सुक दिसत नाहीत.' तीस वर्षं बँकेत टिपणं लिहिलेली. वाक्यं अगदी सुबक उतरली.

समितीनं तिला बालगृहातच ठेवायचं ठरवलं. पुढची तारीख ऑगस्टमधली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही दोनदा गेलात, तरी ती नव्हती?"

"हो गं."

तिनं मान डोलावली. त्यानंतरच्या भेटींत तिनं मावशीचं नाव काढलं नाही. फ्रॉकची कॉलर चावत बसायची. बालगृहातल्या ताई म्हणाल्या, ही नवीनच सवय लागलीय.

ऑगस्टच्या तारखेला समितीच्या व्हरांड्यात एक बाई उभी होती. पोलीस चौकीत विचारत विचारत इथवर आलेली. "मांजरीला आलेल्या म्याडम तुम्हीच का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

"शेजारीण म्हणली, परत येणार हायत. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलेच नाही. तिसऱ्या दिवशीबी नाही. पोरीसाठी खाट मागून आणली हुती, तुमाला दाखवावी म्हणलं. मग मुकादम म्हणला, आता आली नाहीस तर येऊच नको." मग जरा हसून म्हणाली, "तुमालाबी कामं असत्यात. भेटलात, बरं झालं."

पुकारा झाला, आम्ही आत गेलो. मुलगी आधीच खुर्चीत बसलेली होती. मावशीला बघून ती उठली, पुन्हा बसली.

अध्यक्षबाईंनी माझा अहवाल चाळला आणि मावशीला विचारलं, "या दोनदा येऊन गेल्या. तुम्ही कुठे होतात?"

मावशीनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "दोनदा? मला कळलं नाही जी. माझंच चुकलं असंल." आणि तिनं हात जोडले.

"मॅडम, मी एकदाच गेले होते," मी म्हटलं.

"अहो, मग इथे दोन कुणी लिहिलंय?"

"मीच."

"वा! बँकेत होतात ना आपण?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. "मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात," ती म्हणाली. आवाज साक्षीच्या दिवशी होता तसाच, स्पष्ट.

"खोटं बोलले मी," मी म्हटलं.

ते प्रकरण माझ्याकडून काढून घेतलं. त्याच आठवड्यात दुसरी स्वयंसेविका मांजरीला गेली, संध्याकाळपर्यंत थांबली, आणि महिन्याच्या आत मुलगी मावशीकडे जायचं ठरलं. संस्थेनं माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. तिथल्या एक-दोघी म्हणाल्या, "शेवटी खरं बोललात, तेवढं कोण करतं?" पण मला माहीत आहे, मावशीनं हात जोडले नसते, ती चिडून भांडली असती, तर मी गप्प बसले असते. ती भांडखोर आहे असंही मनात नोंदवून ठेवलं असतं.

मुलगी निघायच्या दिवशी मी बालगृहापाशी गेले आणि तिला भेटता येईल का, असं विचारलं. ताई आत गेल्या, बाहेर आल्या. थोड्या अवघडून म्हणाल्या, "ती नको म्हणतेय हो."

"बरं," मी म्हटलं आणि रिक्षा शोधायला लागले.